सरांची तार, माझी तार : ४० मीटरवरच्या तुलनेच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

ज्यांनी मला हौशी रेडिओच्या (हॅमच्या) नादाला लावलं त्या सरांच्या घरून त्यांच्या जुन्या अँटेनाची ट्रंक आणली. काकू म्हणाल्या, "ने बाबा, माळ्यावर उंदीर झालेत. फक्त भंगारात घालू नकोस." भंगार हा शब्द मुद्दाम असणार. माझं येवल्यात मोटार वायंडिंगचं दुकान, जळक्या तांब्याचं पोतं महिन्याला भंगारवाल्याकडे जातं हे त्यांना माहीत आहे.

ट्रंकेत निघालं ते असं: सात पदरी तारेची दोन वेटोळी, चिनीमातीची चार अंडी (तारेच्या टोकांचे इन्सुलेटर), बांबूच्या काड्या बांधलेली शिडीसारखी फीडर लाईन (अँटेनापासून रेडिओकडे येणारी दोन तारांची जोडी), जाड काळी कोॲक्स केबल, गँग कंडेन्सर आणि टॅप काढलेली कॉइल बसवलेला लाकडी मॅचबॉक्स (अँटेना रेडिओशी जुळवून घेणारी पेटी), आणि एक दोनशेपानी वही. वहीच्या पहिल्या पानावर, १९७९ : "जी५आरव्ही. १०२ फूट. फॉस्फर ब्राँझ, ७ पदरी, लष्करी भंगार." लुई व्हार्नी नावाच्या इंग्रज हॅमने १९४६ मध्ये ही अँटेना काढली, त्याचाच कॉलसाईन तिला चिकटला.

सर शाळेत विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी ८०७ व्हॉल्व्हच्या घरगुती ट्रान्समीटरवर बोलत. माझा परवाना त्यांच्यामुळेच झाला. नाशिकचा मित्र म्हणतो, त्या लोकांच्या तारांची बात काही और होती. मी म्हणतो, तार ती तार. दोघांनीही आजवर मोजलेलं काही नाही. तेव्हा ठरलं: सरांची जी५आरव्ही आणि मी दुकानातल्या मालातून केलेला ४० मीटरचा (म्हणजे तेवढ्या तरंगलांबीच्या, ७ मेगाहर्ट्झच्या बँडचा) साधा डायपोल, मध्ये केबल जोडलेली दोन हातांची तार, दोन्ही एकाच खांबावर, एकाच रात्री, एकाच वॅटला. कान काय म्हणतो ते बाद, आकडा धरायचा.

रिग, म्हणजे पाठवायचा-ऐकायचा रेडिओ, मायक्रो-बिटएक्स. हैदराबादच्या अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांच्या डिझाइनचं किट, ४० मीटरवर १० वॅटच्या आसपास देतं. आज नुसतं ऐकलं. गल्लीत दिवाळीच्या एलईडी माळा अजून चालू आहेत, सिग्नलचा जोर दाखवणारं मीटर नुसत्या गोंगाटाने एस-७ वर चिकटून. रात्री नऊला अर्धा तास लाईट गेली तर बॅटरीवर तोच बँड एस-३. माळा उतरेपर्यंत ऐकण्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सव्वा इंची जीआय पाइप, वीस फुटी, गच्चीच्या कठड्याला तीन क्लॅम्पनी बांधला. टोक जमिनीपासून साधारण साडेबारा मीटर. वर कप्पी आणि दोरी, म्हणजे प्रत्येक वेळी पाइप उतरवायला नको. पाइप उभा करायला तीन माणसं लागली आणि दोन तास गेले. पहिल्या वेळी कप्पीत दोरी ओवायचीच राहिली, म्हणून तो पुन्हा आडवा केला. हसू नका, तुमचंही होईल.

सरांच्या शिडीच्या बांबूच्या काड्यांपैकी चौदा किडलेल्या. त्या बदलायला प्लॅस्टिकचा कंड्यूट कापणार होतो, पण येवल्यात बांबूची काडी मिळायला काय कमी? आसारी (पतंगाच्या मांजाची फिरकी) बनवणाऱ्याकडे गेलो. संक्रांतीची तयारी जोरात, तरी त्याने वीतभर कामट्यांची जुडी चाळीस रुपयांत दिली. मेणबत्तीचं मेण वितळवून त्यात अर्धा तास उकळल्या. बुडबुडे यायचे थांबले की आतलं पाणी गेलं असं समजायचं. बांधणी मात्र मला जमेना, काडी तारेवर सरकायची. शेजारचे मामा विणकर. त्यांनी कोपऱ्यातून पाहिलं, मेणाचा दोरा घेतला आणि दोन बोटांत अशी गाठ घातली की काडी हलेना. मी तीनदा बघितली, अजून येत नाही. चौदाही काड्या त्यांनीच बांधल्या.

संध्याकाळी वर ओढली. एक टोक लिंबाला, एक मामांच्या गच्चीवर. रस्त्याच्या बाजूने महावितरणची लाईन आहे, तिकडे काहीही न्यायचं नाही हे आधीच ठरवलेलं. मॅचबॉक्स मध्ये न घेता केबलच्या टोकाला नॅनो व्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावला. ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (पाठवलेल्यातलं किती परत येतं त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) १.६. बँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काटा जवळजवळ हलत नाही. पंचेचाळीस वर्षांची अँटेना आणि १.६! मित्राला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं: "सांगत होतो ना."

२४ नोव्हेंबर, रविवार

आता माझी. दुकानात १८ गेजची एनॅमल तार पडून होती, रीळ संपत आलेलं. लांबीचं अंदाजी सूत्र १४३ भागिले मेगाहर्ट्झ: १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण २०.१ मीटर. उलट्या व्हीमध्ये (मध्य खांबावर, दोन्ही हात तिरके खाली) टोकं जमिनीकडे येतात, तेव्हा अंदाज चुकतोच. म्हणून जास्तीची ठेवून प्रत्येक हात १०.४ मीटर कापला. मधला इन्सुलेटर जुन्या स्टार्टर पॅनलच्या बॅकेलाइटचा तुकडा. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे.

कोॲक्ससाठी आधी केबल टीव्हीवाल्याकडची आरजी-६ आणली, स्वस्त म्हणून. ७५ ओहमची आहे, त्याने डायपोलचं फारसं बिघडत नाही. पण तिची जाळी ॲल्युमिनियमची, डाग (सोल्डर) लागत नाही. स्क्रूखाली दाबून बसवता येते, पण उघड्यावर तांब्याला ॲल्युमिनियम टेकवायचं नाही हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. ती परत केली. तपकीर गल्लीतून आरजी-५८ मागवली, पंचवीस मीटर, ४२ रुपये मीटरने. पुण्याहून यायला चार दिवस.

वर चढवल्यावर काहीच नाही. एसडब्ल्यूआर कुठेही उतरेना. तासभर केबल तपासली, कनेक्टर पुन्हा बसवला, शेवटी खाली घेतली. डाव्या हाताचं एनॅमल नीट खरवडलंच नव्हतं. वरून डाग चकचकीत, आत वार्निश. वीस वर्षं मोटारी भरणाऱ्या माणसाने हे करावं! पोराने केलं असतं तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं.

दुसऱ्यांदा चढवल्यावर खड्डा, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी होतो ती जागा, ६.८२ मेगाहर्ट्झला दिसला. हिशेबाने प्रत्येक हात ४१ सेंटीमीटर कमी केला. आता ७.१० ला १.२, बँडच्या कडांना १.५ च्या आत. केबलचे दहा वेढे चार इंची पाइपवर गुंडाळून चोक केला (केबलच्या बाहेरच्या अंगाने वाहणारा प्रवाह अडवायला), तो मधल्या इन्सुलेटरच्या खाली बांधला.

८ डिसेंबर, रविवार

पंधरा दिवस हात लावला नाही. उन्हाळ कांद्याच्या लागणी सुरू झाल्या, पाण्यासाठी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू. एक फेज गेला की जळतात. दुकानात ओळीने अकरा मोटारी. शेतकरी बाकावर बसून राहतो, "आजच पाहिजे शेठ, रोप वाळतंय." अशा वेळी अँटेनाचं नाव काढायचं नसतं.

आज मोजलं तर खड्डा ७.१० वरून ६.९८ ला सरकलेला. आधी वाटलं चोक भिजला, मग वाटलं व्हीएनए बिघडला. टेप लावल्यावर कळलं: तार ताणली गेली आहे. दोन्ही हात मिळून ३४ सेंटीमीटर लांब! वायंडिंगची तार मुद्दाम मऊ केलेली असते, स्लॉटमध्ये वळावी म्हणून. तीच उघड्यावर दहा मीटर ताणून, वर वारा आणि टोकाला विटेचं वजन. ती लांबणारच. सरांची ब्राँझ पंचेचाळीस वर्षांत हलली नाही. ती सरळ केली तरी स्प्रिंगसारखी परत वेटोळं घेते.

यावरचा उपाय आधीच करायला हवा होता: तारेचं एक टोक गेटला बांधलं, दुसरं काठीला गुंडाळून दोघांनी मागे झुकून ओढलं, जोवर ती लांबायची थांबून कडक लागत नाही तोवर. मग पुन्हा मापून कापली. दोन तास. नव्याने करणाऱ्याने मऊ तार वापरली तर आधी ओढावी आणि मगच कापावी. किंवा सरळ घरच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. तिच्यावरच्या आवरणामुळे लांबी थोडी कमी लागते एवढंच.

१५ डिसेंबर, रविवार

दोन्ही तारा एकदम वर. माझा व्ही सरांच्या तारेच्या खाली मीटरभर, त्याच दिशेने, कारण बांधायला तेच सोपं. व्हीएनएवर माझ्या अँटेनाला एकाऐवजी दोन खड्डे. ७.०२ ला एक, त्याच्यावर एक उथळ. सरांची तार दोरीने खाली सोडली की दुसरा खड्डा गायब. म्हणजे एक पाठवत असताना दुसरी गुपचूप त्यातलं खात होती. अशा जोडीत केलेल्या तुलनेला काय किंमत?

व्हीची टोकं काटकोनात फिरवली. सरांची पूर्व-पश्चिम, माझी दक्षिण-उत्तर. खड्डा एकच राहिला, ७.०९ ला. दोन खांब असते तर आणखी बरं, पण दुसरा खांब म्हणजे दुसरा पाइप आणि शेजाऱ्यांशी दुसरी बोलणी.

आणखी एक, घाईत केलेली चूक: शिडी मी पाइपलाच सुतळीने बांधली होती. लोखंडाला चिकटून गेली की तिच्या दोन तारांतल्या प्रवाहांचा तोल जातो. आडवा बांबू लावून ती पाइपापासून हातभर लांब धरली.

आजोबांच्या मर्फी रेडिओची तांब्याची जाळीही माळ्यावर सापडली, ती सिलोन ऐकायला गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगलेली असायची. गंमत म्हणून रिगला लावली, नुसती ऐकायला. स्टेशनं आली, बरोबर गल्लीतले सगळे चार्जरही आले. या मोजणीत तिला घेतलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

मोजायची पद्धत. एकाला विचारायचं "आता कशी येते, आता कशी येते", याने काही कळत नाही. ४० मीटरवर सिग्नल मिनिटामिनिटाला वरखाली होतो. म्हणून डब्ल्यूएसपीआर घेतलं. दोन मिनिटांचा बारीक संदेश, सम मिनिटाला सुरू होतो, जगभरचे रिसीव्हर तो पकडून किती डेसिबलने ऐकला ते आपोआप नोंदवतात. एक फेरी सरांच्या तारेवर, लगेच पुढची माझ्या, मग सहा मिनिटं गप्प. एकाच रिसीव्हरने दोन्ही ऐकल्या तर ती एक जोडी. निम्म्या वेळा क्रम उलटा. रिगची पॉवर २ वॅटवर आणली, कारण जवळजवळ दोन मिनिटं सलग पाठवताना रिगमधले आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टर हात लावता येणार नाही इतके तापतात.

रिले फिरवायला दुकानातला सायक्लिक टायमर लावला, ठिबकच्या पॅनलमध्ये असतो तो. शहाणपणा वाटला होता. संदेश ११० सेकंदांचा, म्हणजे रिले फिरायला मध्ये नऊ-दहा सेकंदच मिळतात. टायमर अर्धा टक्का जरी पुढे पळाला तरी दर फेरीला सहा दशांश सेकंद, अर्ध्या तासात सगळी फट संपली. नंतरचा रात्रभरचा माल अर्धा या तारेवर, अर्धा त्या तारेवर. पॉवर चालू असताना रिले फिरला तो वेगळाच. एक संपर्क काळा पडला, रिले फेकला. एक रात्र आणि १८० रुपये पाण्यात.

भाच्याला सांगितलं. त्याने संगणकाच्याच घड्याळावर चालणारा यूएसबी रिले बसवून दिला, ३५० रुपये. वर म्हणाला, "मामा, हे आधी विचारायचं ना."

२८ डिसेंबर, शनिवार

चार संध्याकाळी, ११२ जोड्या. हैदराबाद, बंगळूर, केरळ, थोडे आखातातले, पहाटेकडे युरोपातले काही. सरासरी काढली: सरांची तार माझ्याहून ४.६ डेसिबलने खाली. मॅचबॉक्स मध्ये होता, रिगला १:१ दिसत होतं, तरी.

सुटी जोडी पाहिली तर काय वाट्टेल ते. एकदा सरांची सहाने वर, पुढच्या दहा मिनिटांत तीच चौदाने खाली, बंगळूरचा रिसीव्हर तोच. म्हणजे तोंडी "या तारेवर छान येतंय" या रिपोर्टांवर आमची आजवरची सगळी भांडणं उभी होती, ती किती पोकळ ते कळलं.

मित्राला फोन केला. जिंकल्याचा आनंद लपवला नाही. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "वहीत सरांचा आकडा काय आहे रे?"

वही उघडली. १९८४, मार्च. "४० मी. केबलच्या टोकाला, बॉक्सशिवाय, रेशो ३.२. बॉक्स लावून १." रेशो म्हणजे एसडब्ल्यूआरच. आणि माझा १७ नोव्हेंबरचा आकडा १.६. तीच अँटेना, तीच लांबी. अँटेना म्हातारपणी सुधारत नसते.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी सगळं सोडून केबल. शिडीपासून सुटी केली, लांबचं टोक उघडं ठेवलं, जवळच्या टोकाला व्हीएनए. टोक उघडं म्हणजे गेलेलं सगळं परत यायला हवं, एसडब्ल्यूआर आकाशाला भिडायला हवा. दिसला २.६. म्हणजे जाऊन-येऊन ७ डेसिबल वाटेत जिरले, एका फेरीत साडेतीन. निम्म्याहून जास्त पॉवर केबल गरम करण्यात. माझ्या आरजी-५८ ला तसंच उघडं ठेवून पाहिलं तर अकराच्या वर.

सरांचा ३.२ आणि माझा १.६ यांचा हिशेबही इथेच लागला. अँटेनाकडून परत आलेलं केबल वाटेतच गिळते, मीटरपर्यंत थोडंच पोचतं, आणि आपण म्हणतो काय छान मॅच आहे. तो चपटा, न हलणारा काटा पाहून मी खूश झालो होतो, खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पाण्याने भरलेल्या बादलीला केबल जोडली असती तरी तेवढंच छान दिसलं असतं.

वरचं टोक वीतभर सोललं. काळं आवरण नखाने तुटत होतं. आतली जाळी तांब्याची राहिलीच नव्हती. टोकाशी हिरवी, पुढे काळी, चुरा बोटाला लागत होता. आणखी हातभर सोललं तरी काळीच. पाणी टोकातून शिरून जाळीच्या विणीतून खालपर्यंत झिरपत गेलेलं, इतकी वर्षं. ब्राँझची तार मात्र फडक्याने पुसली तर लालसर चमकली.

जुन्या अँटेनाची परीक्षा करणाऱ्यांनी पहिलं काम हे करा. मी ते सहा आठवडे उशिरा केलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

केबल बदलली, नवी आरजी-५८. केबलच्या टोकाला आता ३.३, म्हणजे सरांच्या वहीशी जुळलं. ९६ जोड्या. फरक ४.६ वरून १.३ डेसिबलवर आला, अजून सरांचीच खाली.

वही पुन्हा नीट वाचली. १९७९ ते ८२ च्या पानांवर केबलचा उल्लेखच नाही. शिडी सरळ खिडकीतून आत, मॅचबॉक्सला. मग १९८२ मध्ये एक ओळ: "खोली खाली हलवली. शिडी पुरत नाही, केबल जोडली." म्हणजे सरांनीही ती नाइलाजाने घातलेली. माझं दुकान तळमजल्यावर, पण रेडिओ वरच्या मधल्या खोलीत नेता येतो. नेला. केबल काढूनच टाकली, शिडी खिडकीच्या तावदानातल्या दोन भोकांतून सरळ बॉक्सला. बायकोने तावदानाबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मॅचबॉक्सचा गँग घासला, पट्ट्यांत चाळीस वर्षांची धूळ. फिरवताना खरखर येत होती ती गेली. रात्री ट्यून करताना चुकीचा टॅप लावला होता, अर्धा तास बॉक्सला शिव्या दिल्या.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

या तीन दिवसांत येवल्यात अँटेना वर ठेवायची नसते, हे मला जन्मापासून माहीत. तरी ठेवली. भोगीच्या रात्रीपर्यंत जोड्या पुऱ्या करायच्या होत्या.

भोगीला दुपारीच गच्च्या भरल्या. हलकडी वाजतेय, कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, दर मिनिटाला कुठून तरी "वकाट" असा ओरडा. एकतीस मीटरची सरांची तार म्हणजे सगळ्या गल्लीच्या पतंगांना आडवा मांजा. तीन वाजेपर्यंत तिच्यावर सात पतंग. सातवा मामांच्या नातवाचा. तो कठड्यावर आसारी छातीशी धरून माझ्याकडे रागाने बघतोय: "काका, तुमच्या तारेने काटला. हे धरत नाहीत खेळात."

मी सोडवून देतो म्हणेपर्यंत त्याने ओढला. साधा दोरा असता तर तुटला असता. हा बंदी असलेला नायलॉनचा मांजा होता, भलतीकडून कटून आलेला, त्याच्या पतंगाला गुंतलेला. तार धनुष्यासारखी वाकली आणि पश्चिमेकडच्या अंड्याजवळ तुटली. ब्राँझ तुटली नाही. मी नोव्हेंबरमध्ये तिथे डागाचा जोड दिला होता, तो सुटला. सरांनी मूळचं टोक पिळून, गुंडाळून बांधलं होतं, डाग नुसता वरून. मी "नीट" करायला म्हणून कापून पुन्हा डाग दिलेला. वजन डागावर टाकायचं नाही, पिळावर टाकायचं.

दोन्ही तारा खाली घेतल्या. मांजा कात्रीने कापून जाळला नाही, गोळा करून पिशवीत भरला. त्यात एक बगळ्याचं पीस होतं.

२६ जानेवारी, रविवार

सरांसारखा पीळ घालून पुन्हा वर. लांबी चार सेंटीमीटर कमी झाली, मॅचबॉक्सला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या डायपोलला चार सेंटीमीटरने फरक दिसला असता.

पाच संध्याकाळी, १३४ जोड्या, शिडी थेट खोलीत. फरक ०.३ डेसिबल, अजूनही माझ्या बाजूने. एवढ्या वरखालीत ०.३ म्हणजे काहीच नाही, बरोबरी. ब्राँझचा रोध तांब्याहून बराच जास्त, ती खाईल असं मला वाटलं होतं. तेवढं काही दिसलं नाही.

दिशेने वेगळं काढलं तर थोडं दिसतं. सरांची तार पूर्व-पश्चिम, तिला बंगळूर-केरळकडे दीडेक डेसिबल जास्त. आखाताकडे माझा व्ही तेवढाच पुढे. तारा काटकोनात आहेत म्हणून असं असेल. जागा अदलाबदल करून पाहिल्याशिवाय याला मी तारेचा गुण म्हणणार नाही, आणि पुन्हा पाइप उतरवायची माझी तयारी नाही. नाशिकच्या मित्राशी दुपारी आवाजात बोललो, पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर, सिग्नल सरळ वर जाऊन खाली येणारा. डोळे मिटून त्याला सहा वेळा तार बदलून ओळखायला लावली. तीनदा बरोबर, तीनदा चूक. पैज बरोबरीत, चहा ज्याचा त्याने प्यावा.

ऐकण्यात मात्र माझा व्ही शांत आहे, साधारण एका एस-युनिटने. शिडी खोलीत आल्यामुळे घरातल्या एलईडीचा कचरा तिच्यावर चढतो. एक दिवा बदलून फरक पडला, बाकीचे बदलायचेत.

२ फेब्रुवारी, रविवार

आज २० मीटर. माझ्या व्हीला १४ मेगाहर्ट्झवर मॅचबॉक्सही नीट घेत नाही, आरजी-५८ तापवण्याचेच काम. सरांची तार तिथे तीन अर्ध्या तरंगांची होते, व्हार्नीने ती मुळात त्याच बँडसाठी मापलेली. बॉक्सचा टॅप बदलला, गँग फिरवला, दुपारी चारला इटलीचा एक स्टेशनवाला पहिल्या हाकेला. सात वॅटवर. नंतर दोन रशियन. ४० मीटरवर तीन महिने बरोबरी मोजत बसलो, आणि सरांनी ती तार का ठेवली होती ते वीस मिनिटांत कळलं.

खर्च, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. पाइप, क्लॅम्प, कप्पी, दोरी मिळून २,६००. केबल दोनदा, कनेक्टर धरून २,३५०, त्यातली दुसरी आता कपाटात. व्हीएनए ३,९००, पण तो माझ्या धंद्यातही लागतो असं घरी सांगितलंय. माझ्या डायपोलच्या तारेचं तांबं पाव किलोच्या आत, म्हणजे दोनशे रुपयांचं. सरांच्या अँटेनावर नवीन खर्च कामट्या, मेण आणि तावदान, दोनशेच्या आत. वेळ धरला तर सव्वीस सत्तावीस दिवसांची कामं, त्यातला निम्मा वेळ केबल, टायमर आणि मऊ तार यांनी खाल्ला.

सरांची तार वर राहणार. व्ही पण राहील, गोंगाटाच्या संध्याकाळी तो बरा पडतो. पावसाळ्याआधी, वळीव सुरू व्हायच्या आत, दोन्हींना अर्थिंग आणि शिडीला खिडकीबाहेर चाकू-स्विच बसवायचाय, पेटीच्या बाहेरच तोडता यावं म्हणून. काकूंना फोन करून तार चालू आहे म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि ती काळी केबल? ह्यांनी फार महाग घेतली होती."

ती भंगारात गेली हे मी सांगितलं नाही. १८ गेजची उरलेली तार परवा तीन एचपीच्या एका मोटारीत गेली, शेतकरी उद्या न्यायला येतोय.